रिफंड मिळेल सर, पण त्या माणसाच्या हातून नको

प्रश्न : दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. पगार वर्षाला साडेनऊ लाख. 2025-26 मध्ये पगारातून 64,480 रुपये टॅक्स कापला गेला. यवतमाळचा एक जण शाळाशाळांतून फिरतो. राजकीय पक्षाला 2 लाखांची देणगी दाखवून 41,600 रुपये परत आणून देतो म्हणतो. त्यातले 15 टक्के त्याचे. आमच्या एका सरांना गेल्या वर्षी असे पैसे आले. मी त्याला फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि आयकर पोर्टलचा पासवर्ड देऊन बसलोय. त्यात काल रिफंड मंजूर झाल्याचा मेसेजही आला. पुढे जाऊ का?

सर, आधी मेसेजचं बघू. तुमचा रिटर्न अजून भरलेलाच नाही. पेरलंच नाही तर वेचणार काय? तुम्ही पाठवलेल्या फोटोत लिहिलंय, ‘खाते क्रमांक जुळत नाही, आज रात्री 12 पर्यंत दुरुस्त करा’ आणि खाली निळी लिंक. ही रात्री बाराची घाई कशाला, तर तुम्ही कुणाला विचारू नये म्हणून. रिफंड पोर्टलवर तपासून घेतलेल्या तुमच्याच खात्यात जमा होतो. त्यासाठी कार्डाचा नंबर, पिन किंवा ओटीपी कुणी मागत नाही. लिंक दाबून काही भरलं असेल किंवा एखादं ॲप मोबाईलमध्ये घेतलं असेल, तर बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. नसेल, तर मेसेज पुसून टाका.

आता देणगीचं. तुम्ही 20 टक्क्यांच्या टप्प्यात आहात, म्हणून उत्पन्नातून 2 लाख वजा दाखवले की सेससह 41,600 कर कमी होतो. गणित त्यानं बरोबर केलंय. त्याचे 6,240 गेले की तुमच्या हाती 35,360. पण खोटी वजावट उघडी पडली, तर 41,600 परत भरायचेच, वर त्याच्या दुप्पट म्हणजे 83,200 दंड लागू शकतो. झाले 1,24,800, व्याज वेगळं. त्याचे 6,240 तो परत देईल, असं तुम्हाला वाटतं का?

‘त्या सरांना आले’ यात फसू नका. रिटर्न आधी कॉम्प्युटर निकाली काढतो, तपासणी मागून येते. जुलै 2025 मध्ये आयकर विभागाने अशाच बनावट वजावटींसाठी देशभरात 150 ठिकाणी झडती घेतली. शिवाय पक्षाच्या देणगीची तारीख, रक्कम आणि बँकेच्या व्यवहाराचा तपशील आता रिटर्नमध्येच भरावा लागतो. रोख देणगी चालत नाही. तो तपशील हा माणूस कुठून आणणार, ते त्याला एकदा विचारून बघा. कृषी केंद्रातून कपाशीच्या बियाण्याची पिशवी घेताना आपण पक्कं बिल मागतो. बियाणं उगवलं नाही तर दाखवायला कागद हवा. या माणसाकडून बिल नाही, सही नाही, रिटर्नवर कुठं नाव नाही. पॅन तुमचा, नोटीस तुम्हाला.

आणि खरी गंमत पुढंच आहे. मला वाटतं, तुम्ही ऑफिसात जीपीएफ-एलआयसीचा तपशील देऊन जुनी करप्रणाली निवडली असणार, कारण 64,480 हा आकडा जुन्या हिशेबातच बसतो. नोकरदाराला रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते. नव्या प्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन तुमचं उत्पन्न 8,75,000 उरतं, आणि 2025-26 साठी 12 लाखांपर्यंत करसवलत आहे. म्हणजे कर शून्य, कापलेले सगळे 64,480 परत. तुमचा माणूस खोटं बोलून 41,600 आणणार होता आणि वर कमिशन घेणार होता! शेअर किंवा जमीन विकून नफा झाला असेल, तर हिशेब बदलेल. तसं असेल तर मला कळवा.

सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल आणि शेतीचं उत्पन्न 5,000 च्या वर असेल, तर आयटीआर-1 हा रिटर्नचा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-2 भरा. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, पण ते दाखवावं लागतं. पगार करमुक्त झाला म्हणून हे लपवायचं कारण नाही. 31 जुलैच्या आत भरा. चुकलं तर 5,000 विलंब शुल्क. पोर्टलवर भरायला पैसे लागत नाहीत. जमत नसेल तर तालुक्याच्या सीएला ठरलेली फी द्या. रिफंडवर टक्का मागणाऱ्याला मात्र नको, कारण रिफंड फुगवण्यात त्याचाच फायदा.

तुमच्या त्या सरांना सांगा, नोटीस यायच्या आधी सुधारित माहितीचा ‘अपडेटेड रिटर्न’ भरता येतो. 31 मार्च 2027 पर्यंत भरला तर कर आणि व्याजावर 25 टक्के जादा पडतील. झोंबेल, पण दुप्पट दंडापेक्षा कमीच.

आणि तुमचं एक काम उद्यावर टाकण्यासारखं नाही. ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करून पोर्टल उघडा, पासवर्ड बदला, मग प्रोफाइलमध्ये बँक खातं, मोबाईल आणि ई-मेल तुमचेच आहेत ना, ते एकेक करून बघा.