व्हीलचेअरसाठी घर बदलायचंय, माजी सैनिकाला मदत मिळते का?

तुमच्या काकांचं वाचलं. निवृत्त नाईक, १००% अपंगत्व, डिचोलीतलं जुनं चिऱ्यांचं घर, आणि रॅम्प व न्हाणीसाठी सरकार पैसे देतं का, हा प्रश्न. देतं, पण थोडे. संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून घरदुरुस्तीला २०,००० रुपये मिळतात. अट अशी की अपंगत्व १००% हवं आणि हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा. काका बसतात. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर करायचा असतो, तरी आधी पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्त झाल्याची पुस्तिका) घेऊन पणजीच्या सैनिक कल्याण खात्यात जाऊन या. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना, तेवढं घरीच बघून निघा.

पीपीओ हातात आहेच, तर त्यात कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे सतत सोबत लागणाऱ्या माणसासाठीचा भत्ता, लागलाय का बघा. १००% अपंगत्वाला मेडिकल बोर्डाची शिफारस असेल तर तो मिळतो, आणि दर महिन्याला मिळतो. मला विचाराल तर एकदाच्या वीस हजारांपेक्षा त्याच्याच मागे लागा. व्हीलचेअरसाठी इसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत विचारा, ती गाठचे पैसे घालून घेऊ नका.

आता रॅम्प. इथे मी स्वतः माती खाल्लीय. आमचं जोतं दीड फूट उंच. गवंडी म्हणाला सहा फुटांत बसवतो, मी हो म्हटलं. पहिल्याच दिवशी व्हीलचेअरवरचा माझा भाऊ खुर्चीसकट सुसाट खाली, थेट तुळशीवृंदावनापाशी! लागलं नाही, पण रॅम्प फोडावा लागला. नियम १:१२ चा आहे, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. एवढी जागा अंगणात सरळ मिळत नाही, म्हणून आम्ही बलकांवच्या (पुढच्या ओसरीच्या) कडेने नेऊन मध्ये सपाट टप्पा देऊन वळवला. वर लादी नको, खरबरीत काँक्रीटच ठेवा. आपल्या पावसात शेवाळ धरतं. दोन्ही बाजूंना कठडा हवाच.

न्हाणीचं दार जुन्या घरांत जेमतेम दोन फुटांचं असतं, ते तीन फूट करा आणि बाहेर उघडणारं बसवा. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. पैसे कमी पडत असतील तर आधी न्हाणी उरका. रॅम्प होईपर्यंत चार दिवस पायऱ्यांवरून दोघे मिळून खुर्ची उचलू शकतात, न्हाणीत मात्र काकांना एकट्याला जाता यायला हवं.