बालसुधारगृहात ठेवून पोरं खरंच सुधारतात का?

तुमचा प्रश्न असा की आत शिवण, सुतारकाम, संगणक शिकवून काही फरक पडतो, की नुसता सरकारी खर्च. नाशिकच्या सातपूरला माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तांब्याची तार भरून द्यायचं दुकान आहे. आतून आलेली दोन पोरं कामाला ठेवून झालीत, म्हणून लिहितोय.

पहिला आला तेव्हा त्याला १८ पूर्ण होऊन महिना झाला होता. परिविक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, सोबत घेऊन आले. नाव-गाव सांगणार नाही, कायद्यानंही सांगता येत नाही. हातात वायरमनचं प्रमाणपत्र, आणि टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट तपासायचा दिवा, धरता येईना. पण सकाळी मी शटर उघडायला पोचायच्या आधी हा पायरीवर बसलेला. आतल्या घंटेची सवय. जळालेली तार ओढून काढायची, तार बसते त्या खाचा खरवडून साफ करायच्या, असलं कंटाळवाणं काम त्याने 3 महिने कुरकुर न करता केलं.

चौथ्या महिन्यात तांबं कमी भरलं. जुन्या वाइंडिंगचं भंगार आम्ही पोत्यात साठवून विकतो. 6 किलोचा फरक! दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि दुकानातला भागीदार, लगेच म्हणाला, "सांगितलं होतं ना तुला?" सिनेमा असता तर चोर दुसराच निघाला असता. इथे चोर तोच होता. विचारल्यावर दोन मिनिटांत कबूल झाला. मोबाइलचा हप्ता थकला होता, एवढंच.

दादा म्हणाला, पोलिसांत दे. मी म्हटलं, पगारातून कापतो. सात शनिवार 500-500 रुपये कापले. आठव्या शनिवारी पाकीट मोजून म्हणाला, "शेठ, फिटले ना?" त्यानंतर दोन वर्षं होता. आता पिंपळगावकडे स्वतः मोटरी भरतो, द्राक्षवाल्यांचं काम भरपूर आहे.

दादाचं अजून तेच, असल्यांच्या रक्तातच असतं. अरे, आपल्याच चुलतभावाने बेअरिंगचं खोकं परस्पर विकलं, तेव्हा नव्हतं काढलंस रक्त! तेव्हा "पोरगं आहे, चुकलं" असं म्हणालास.

असो. मूळ प्रश्न. लोक सगळ्यालाच सुधारगृह म्हणतात. निरीक्षण गृहात चौकशी चालू असेपर्यंत ठेवतात. ती 4 महिन्यांत संपवावी असं २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो, त्यात जामीन झाला की पोरगं आधीच घरी. तेवढ्यात कसला कोर्स पुरा होणार? बाल न्याय मंडळ, म्हणजे मुलांचे गुन्हे तपासून निकाल देणारं मंडळ, त्याच्या आदेशाने पोरगं जातं ते विशेष गृहात, तेही जास्तीत जास्त 3 वर्षं. मोटर भरायला हात बसायलाच वर्ष लागतं. म्हणून प्रमाणपत्रं मोजण्यात अर्थ नाही. बाहेर पडलेल्या पोराला पुढे कोण धरतं ते बघा. १८ नंतर २१ पर्यंत मदत करायची तरतूद कायद्यात आहे, पण पहाटे उठवून कामावर पाठवणारं माणूस तरतुदीत बसत नाही.

आणि "त्याचं रेकॉर्ड आहे" म्हणून नोकरी नाकारणाऱ्यांनी याच कायद्याचं कलम 24 वाचावं. बाल न्याय मंडळापुढे दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे अपात्रता लागत नाही. १६ च्या पुढच्या ज्या मुलांचा खटला अतिगंभीर गुन्ह्यासाठी बाल न्यायालयात प्रौढासारखा चालतो, त्यांची गोष्ट वेगळी. दादा, हे तुलाही.

हां, दुसऱ्या पोराचं राहिलं. तो 19 दिवस टिकला. विसाव्या दिवशी आलाच नाही, पुढे परत पकडला गेल्याचं कानावर आलं. तेव्हा माझ्या दुकानावरून टक्केवारी काढू नका.

पहिला गेल्या दिवाळीला मिठाई घेऊन आला होता. दादाने त्याच्यासाठी चहा मागवला, आणि तो जाईपर्यंत स्वतः भंगाराच्या पोत्यापाशी उभा राहिला.