वाचकांचे प्रश्न : क्रँकबेट नेमके किती खोल जाते?

प्रश्न : मिनेसोटातील मिल लॅक्स तलावावर आम्ही दोघे भाऊ होडीमागे क्रँकबेट (ओढले की पाण्यात बुडी मारणारे, माशाच्या आकाराचे नकली आमिष) ओढत वॉलआय मासा धरण्याचा प्रयत्न करीत आहोत. खोक्यावर ‘१२ फूट’ असे छापलेले आहे आणि पाण्याची खोली व मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर मासे १४ फुटांच्या आसपास दिसतात. तरीही दिवसभरात एखादाच मासा लागतो. रंग बदलून पाहिले, वेग बदलून पाहिला. आमचे कुठे चुकते आहे?

उत्तर : तुम्ही रंग बदललात, वेग बदललात, पण आमिष खरोखर १२ फुटांवर पोहोचते की नाही हे तपासल्याचे पत्रात कुठेही लिहिलेले नाही, आणि माझ्या मते सारी गोम तिथेच आहे. खोक्यावरचा आकडा हा विशिष्ट जाडीची दोरी विशिष्ट लांबीपर्यंत सोडून मिळालेला असतो. तुमची दोरी त्याहून जाड असेल किंवा तुम्ही ती कमी सोडत असाल, तर तेच आमिष ७-८ फुटांवरून निघून जाते आणि खालच्या माशाला त्याचा पत्ताही लागत नाही.

क्रँकबेट खाली जाते ते वजनामुळे नव्हे, कारण त्यांतली बहुतेक पाण्यावर तरंगणारीच असतात. पुढे ओढले की तोंडाशी असलेल्या प्लॅस्टिकच्या ओठावर पाण्याचा दाब पडतो आणि तो ओठ आमिषाला खाली ढकलतो. ओठ लांब आणि शरीराच्या रेषेत पुढे आलेला असेल तर आमिष खोल जाते. आखूड आणि खाली उभा वळलेला असेल तर ते वरच्या वर थरथरत राहते. उलट बाजूने दोरी त्याला वर खेचत असते, कारण पाण्यातून जाताना तिच्या साऱ्या लांबीवर घर्षण होते. म्हणूनच तेवढ्याच ताकदीची विणलेली दोरी साध्या नायलॉनच्या दोरीपेक्षा पुष्कळ बारीक असल्याने आमिषाला अधिक खोल जाऊ देते. वेग वाढवला की आमिष आणखी खोल जाईल असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात वेगाने खोलीत फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो थरथरण्यात.

मोजण्याचा एक बिनखर्चाचा मार्ग सांगतो. ज्या सपाट तळाची खोली तुम्हाला यंत्रावरून नक्की ठाऊक आहे, समजा १२ फूट, अशा भागावरून १०० फूट दोरी सोडून होडी संथपणे चालवा आणि काठीच्या टोकाकडे पाहत राहा. आमिष मोकळे असताना टोक एकसारखे बारीक थरथरते. ओठ चिखलाला लागला की ती लय तुटते आणि टोक जड, वेडेवाकडे झटके देऊ लागते. झटके आले नाहीत तर दोरी दहा-दहा फुटांनी वाढवत न्या आणि जिथे पहिला झटका लागेल तो आकडा वहीत लिहून ठेवा. दोरी मोजणारे रीळ असले तर काम सोपे होते. खोलच जायचे असेल, तर आत शिशाची तार असलेली दोरी मिळते. तिचा रंग दर १० यार्डांनी बदलत असल्याने किती बाहेर गेली हे नुसत्या नजरेने कळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वॉलआय खालून वर पाहत शिकार करतो, त्यामुळे आमिष त्याच्या डोक्यावरून एक-दोन फुटांनी गेलेले चालते, पण त्याच्या पोटाखालून गेलेले सहसा वाया जाते. तुमचे मासे १४ फुटांवर असतील तर १२-१३ फूट साधा. शिवाय मिल लॅक्समध्ये २००५ साली पाणी गाळून खाणारे झेब्रा शिंपले सापडले आणि त्यानंतर पाणी नितळ होत गेले. प्रकाश न सोसणारा हा मासा अशा पाण्यात भर दुपारी गप्प राहतो. तेव्हा मोजमाप दुपारी उरकावे आणि खरी मासेमारी सूर्य कलल्यावर करावी.

प्रश्न : नवे कोरे क्रँकबेट ओढताना एका बाजूला झुकून पळते आणि वेग वाढवला की आडवे होऊन वर येते. ते परत करावे का?

उत्तर : इतक्यात करू नका. प्रथम गळाला पाणवनस्पतीचा एखादा तंतू अडकलेला नाही ना, हे पाहा. एवढ्याशा तंतूनेही आमिष तिरके पळते. ते स्वच्छ असूनही पळत असेल, तर आमिषाचे तोंड स्वतःकडे करून धरा आणि दोरी बांधायची तारेची कडी चिमट्याने अगदी केसभर वाकवा. दिशा मात्र उलटी हवी : आमिष तुमच्या डावीकडे पळत असेल तर कडी तुमच्या उजवीकडे. मग होडीच्या कडेने सहा-सात फूट ओढून पाहा, आणि हवे तर पुन्हा केसभर. एकदम जोरात वाकवल्यास कडी बुडाशी सैल होते आणि ते आमिष कायमचे बिघडते. ही कडी बहुधा फिरवून काढता येणारी नसते, आतच बसवलेली असते, त्यामुळे ती पिळू नये, फक्त वाकवावी.

दोरी बांधताना जड फिरकी (दोरीला पीळ पडू न देणारा धातूचा जोड) लावू नका. तिच्या वजनाने नाक खाली जाते आणि थरथर मरते. लहान गोल आकड्याची क्लिप पुरेशी आहे. फिनलंडमधील मच्छीमार लौरी रापाला यांनी १९३६ साली बुचातून आपले पहिले नकली आमिष कोरले, तेव्हा त्यांना जखमी लहान माशाची लंगडी चाल हवी होती, कारण मोठा मासा कळपातून नेमक्या त्याच माशाला उचलतो हे त्यांनी होडीतून पाहिले होते. तुमचे आमिष आडवे पडत असेल तर ते जखमी दिसत नाही, नुसते बिघडलेले दिसते.

प्रश्न : रंग कोणता निवडावा? दुकानात शेकडो रंग असतात आणि प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो.

उत्तर : हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि माझे उत्तर काहीसे रुक्षच असते : आमिष योग्य खोलीवर असेल, तरच रंगाचा विचार करावा. नितळ पाण्यात चंदेरी किंवा पर्च माशासारखे हिरवे-पट्टेदार आमिष चालते, कारण तिथे वॉलआयचे खाद्य तसेच दिसते. उत्तरेकडची पुष्कळ तळी दलदलीतून वाहत येणाऱ्या पाण्याने चहासारखी तपकिरी असतात. तिथे चंदेरी आमिष मंद दिसते आणि सोनेरी, नारिंगी किंवा पोपटी आमिष उठून दिसते. वॉलआयच्या डोळ्याला नारिंगी-लाल आणि हिरवा हे रंग अधिक चांगले कळतात, त्यामुळे या निवडीला आधारही आहे. लाल रंग मात्र खोल पाण्यात लवकर काळपट होतो. चार रंग बाळगा, चाळीस नव्हे.

प्रश्न : ओंटारियोत नॉर्दर्न पाइक या तीक्ष्ण दातांच्या माशाने एका आठवड्यात माझी पाच आमिषे तोडून नेली. दोरी आणखी जाड करू का?

उत्तर : जाड केल्याने आमिष वर येईल आणि पाइकचे दात ती दोरीही कापतील. आमिषापुढे ९ ते १२ इंचांची बारीक तार लावा. तिने थरथर थोडी कमी होते हे खरे, पण तोंडात तीन-तीन टोकांचे दोन गळ घेऊन पळालेला मासा मागे सोडण्यापेक्षा ते बरे. लांब चोचीची पक्कड हाताशी ठेवा आणि मासा सोडूनच द्यायचा असेल तर गळांचे उलटे काटे आधीच दाबून टाका.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये पाणी ८-९ अंश सेल्सिअसवर आले की क्रँकबेट ठेवून द्यावीत का?

उत्तर : मुळीच नाही, फक्त आमिष आणि ओढण्याची रीत दोन्ही बदला. गार पाण्यात माशाची पचनक्रिया मंदावलेली असते आणि तो लांबवर पाठलाग करीत नाही, म्हणून रुंद डुलणारे गुबगुबीत आमिष बाजूला ठेवून निमुळते, घट्ट थरथरणारे घ्या. शक्यतो थांबवल्यावर वर न येता जागच्या जागी राहणारे. अंधार पडल्यावर खडकाळ काठालगत ते फेका, सात-आठ फेरे हळू गुंडाळा आणि मग चार-पाच सेकंद काहीही करू नका. मासा बहुधा या थांब्यातच घेतो. त्या वेळी काठीला झटका बसतोच असे नाही. पुन्हा गुंडाळायला लागताना दोरी ओल्या फडक्यासारखी जड लागते, एवढेच.