सासऱ्यांचं तोंड भाजल्यासारखं झालंय, क्रीम बंद करू का?

प्रश्न : डॉक्टरताई, मी मूळची कोल्हापूरची, लग्न होऊन टेक्सासला आले, नवरा इथलाच. सासरे ७६ वर्षांचे, व्हिएतनामला लढून आलेले. मागे नाकावर बेसल सेल नावाचा कातडीचा कॅन्सर निघाला तेव्हा कापून टाके घातले होते. आता कपाळावर नि कानांवर खरखरीत चट्टे आले म्हणून माजी सैनिकांच्या हॉस्पिटलातून फाइव्ह-एफयू क्रीम दिलं, तर दहाव्या दिवशी तोंड लालभडक, खपल्या, चरचर. ते म्हणतात आमच्यावर प्रयोग चाललेत, आणि ट्यूब दिली ड्रॉवरमध्ये टाकून. वर एका मित्राने ब्लॅक साल्व्ह म्हणून काळं मलम आणून दिलंय, त्याने म्हणे कॅन्सर मुळापासून निघतो. काय करू?

उत्तर : आधी ते काळं मलम कचऱ्यात टाका, बाकीचं नंतर वाचा. ते चांगली कातडीपण जाळतं, वरून खपली धरून जखम भरल्यासारखी दिसते आणि खाली कॅन्सर तसाच वाढत राहतो.

आता क्रीमचं. अहो, लाल होणं हेच त्या क्रीमचं काम आहे. फाइव्ह-एफयू हे केमोथेरपीचंच औषध, फक्त वरून लावायचं. उन्हाने बिघडलेल्या पेशी भराभर वाढत असतात, त्यांना ते आधी गाठतं, म्हणून जिथे चट्टा दिसतही नव्हता तिथेसुद्धा आग होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माणूस आरशात बघून घाबरतोच. पण पाणी फार वाहत असेल, पू दिसत असेल किंवा डोळे सुजले असतील तर आजच हॉस्पिटलात फोन करा, आणि बंद करायचं की दिवस कमी करायचे ते तिथल्या डॉक्टरांना ठरवू द्या. न सांगता ट्यूब ड्रॉवरमध्ये, हे मात्र नको.

प्रयोग म्हणाल तर झालाय, आणि चांगला झालाय. व्हीए म्हणजे माजी सैनिकांच्याच १२ हॉस्पिटलांत ९३२ माजी सैनिक घेतले, सगळ्यांना मागच्या ५ वर्षांत निदान दोनदा कातडीचे असले कॅन्सर होऊन गेलेले. निम्म्यांना हे क्रीम, निम्म्यांना औषध नसलेलं साधं, चेहऱ्याला नि कानांना दिवसातून दोनदा, २ ते ४ आठवडे. २०१८ला निकाल छापून आला : पहिल्या वर्षात ऑपरेशन लागेल असा स्क्वॅमस सेल कॅन्सर (हाही कातडीचाच, दुसऱ्या प्रकारचा) साध्या क्रीमवाल्यांत २० जणांना, फाइव्ह-एफयूवाल्यांत ५ जणांना. म्हणजे ७५ टक्के कमी, ऐकायला जबरदस्त, पण माणसं मोजली तर वीसाचे पाच, हेही लक्षात असू द्या. वर्षानंतर तो फायदा ओसरला, आणि बेसल सेलवर म्हणावा तसा परिणाम दिसलाच नाही. त्यामुळे नाकावर परत मोत्यासारखी चकचकीत गाठ किंवा न भरणारा व्रण दिसला तर क्रीमच्या भरवशावर बसू नका, बायोप्सीच करायची. त्याआधी ट्रेटिनॉइन या अ जीवनसत्त्वासारख्या औषधाचं क्रीमपण ११३१ माजी सैनिकांवर करून बघितलं होतं, ते काही उपयोगी पडलं नाही. प्रयोग म्हटलं की दोन्ही होणार.

सलाइनमधून देतात त्या इम्युनोथेरपीबद्दलही, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांबद्दल, कोणीतरी सांगेलच तुम्हाला. सेमिप्लिमॅब मोठ्या, पसरलेल्या स्क्वॅमस सेलसाठी २०१८पासून मंजूर आहे. २०२२च्या एका अभ्यासात ऑपरेशनच्या आधी ते ७९ जणांना दिलं, तर कापून काढलेल्या भागात ४० जणांच्या बाबतीत कॅन्सर उरलेलाच नव्हता. मला स्वतःला ते भारीच वाटतं, पण थायरॉइड, फुप्फुसं, आतडी यांना त्रास होऊ शकतो, खरखरीत चट्ट्यांसाठी ते नव्हेच.

सासऱ्यांना एक सरळ सांगा, त्यांना दिलंय ते नेहमीचं औषध, ट्रायल नाही. ट्रायल असती तर आधी सहीचे कागद आले असते, आणि मधेच सोडली तरी नेहमीचे उपचार बंद करत नाहीत.

आणि हो, घरात कुत्रा आहे का? टेक्सास म्हणजे असणारच. हे क्रीम कुत्र्या-मांजरांच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं, तेव्हा लावल्यावर हात धुवायचे, ट्यूब उंचावर ठेवायची आणि तोंड चाटू द्यायचं नाही.