जुन्या ट्रकमध्ये दुसरं डिझेल इंजिन बसवलं, आता कूलंटचे होज नीट कसे जोडायचे?

तुम्ही लिहिलंय की रेडिएटर ट्रकचाच ठेवला, होज कसेबसे जुळवले, आता चढाला तापमानाचा काटा वर जातो आणि हीटर कधी गरम कधी गार हवा फेकतो, तर मोठा रेडिएटर घेऊ का. माझं ऐकाल तर आत्ता घेऊ नका. हीटर असा गरम-गार करतोय म्हणजे आधी पाणी कमी आहे का बघा, पाणी पूर्ण असेल तर बहुतेक आत हवा अडकलीय, आणि हवा असेपर्यंत रेडिएटर केवढाही लावा, काटा चढणारच.

इंजिन बदलताना सगळे त्या दोन जाड होजच्या मागे लागतात, पण गोम असते बारीक लायनींत. एक्स्पान्शन टाकी, म्हणजे प्रेशरचं झाकण असलेली, ती इंजिन आणि रेडिएटर दोघांच्याही वर पाहिजे, अगदी तिच्यातली पाण्याची लेव्हलसुद्धा वर. हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) सगळ्यात उंच जागेवरून एक आणि रेडिएटरच्या वरच्या टाकीतून एक अशा ६-८ मिमीच्या दोन लायनी टाकीच्या वरच्या भागात आणा, दोन्ही सतत चढत्या, मध्ये कुठे झोल पडला की तिथेच बुडबुडा बसतो. मग टाकीच्या तळातून एक जाड लायन, १९ ते २५ मिमी, थेट वॉटर पंपाच्या सक्शनजवळ, म्हणजे पंप जिथून पाणी ओढतो तिथे. पंपाच्या तोंडाशी दाब सगळ्यात कमी असतो, वरून टाकीचं पाणी तिथे दाबून राहिलं तरच पंप हवा न ओढता पाणी ढकलतो. (रेडिएटरच्या झाकणातून सांडलेलं पाणी झेलणारी बिनदाबाची बाटली वेगळी, ती खाली असली तरी चालते, पण बरेच जण तिलाच एक्स्पान्शन टाकी समजतात.)

हीटरचं गरम पाणी हेडवरून घ्या, रिटर्न पंपाच्या सक्शनला द्या, वरच्या होजला अजिबात नाही, तिथे दाबात फरकच नसतो मग पाणी फिरणार कशाने?

थर्मोस्टॅट काढून टाका असं कोणीतरी सांगेलच, नका काढू. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की त्याचीच खालची चकती बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट, बंद करते, तो काढला की गरम पाण्यातलं बरंच पाणी रेडिएटरला न जाता बायपासमधून परत इंजिनात फिरत राहतं आणि काटा उलट अजून चढतो.

आता जाड होज. व्यास जुळत नसेल तर रिड्यूसर होज वापरा, सरळ होज वाकवून बसवू नका, तो मुडपतो. लांब अंतराला स्टीलचा पाइप बरा पण दोन्ही टोकांना रबर हवंच कारण इंजिन माउंटवर हलतं. पाइपाच्या तोंडाला उठावदार कडा काढून घ्या आणि क्लॅम्प कडेच्या मागे, नाहीतर दाब आला की होज सुटतो. रेस दिल्यावर खालचा होज चपटा होत असेल तर आत स्प्रिंग नाही किंवा रेडिएटर चोंदलाय. आणि बेल्टचा रस्ता बदलला असेल तर पंप उलटा फिरत नाही ना तेवढं बघाच.

साधं पाणी भरू नका, वेट लायनरचं (सिलिंडरचा नळा बाहेरून थेट पाण्यात असलेलं) डिझेल असेल तर लायनरला बाहेरून खड्डे पडतात, त्यासाठी ॲडिटिव्ह असलेलं डिझेलचंच कूलंट घ्या. झाकण साधारण १ बारचं चांगलं असावं, तेवढ्या दाबाला पाणी १२० अंशाच्या आसपास उकळतं, झाकण गळकं असलं की ही सगळी सूट गेली.

भरताना हीटर फुल उघडा, गाडीचं तोंड थोडं उंच ठेवा, हळूहळू ओता, झाकण उघडं ठेवूनच थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, गार झाल्यावर परत लेव्हल करून झाकण लावा. त्यानंतर इंजिन गरम असताना लावलेल्या झाकणाला हात लावायचा नाही.

एवढं करूनही टाकीत बुडबुडे येतच राहिले, रेस दिली की वाढले, तर होजचा काही दोष नाही, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) तपासून घ्या.