साचलेल्या पाण्याचे फोटो: आमची चूक तुम्ही करू नका

ताई, तुम्ही लिहिलं की लेआउटमधल्या पाण्याचे फोटो ग्रुपवर गोळा केले अन् आता साहेब विचारतात जागा कोणती, तारीख कोणती. वाचून पोटात कालवलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमच्या मंडळानं नेमकं हेच केलं. दोनशेच्या वर फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले, मग आठवून आठवून गुगल मॅपवर पिना लावल्या अन् नवी नाली यावरून ठरवा म्हणून अर्ज दिला.

कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथल्या साहेबांनी एकच फोटो उचलला, किराणा दुकानाचं अर्धं शटर पाण्यात, समोर सीटपर्यंत बुडालेली स्कूटी. "हा कोणत्या गल्लीतला?" मी म्हटलं तिसऱ्या, आमचे सचिव म्हणाले पाचव्या. फाईल तिथंच मिटली. नाली दुसऱ्याच बाजूनं गेली, खालच्या गल्लीत अजून पाणी शिरते. नगरसेवकाकडे जावं तर त्यांची मुदत मार्च २०२२ लाच संपलेली, महापालिकेत तेव्हा प्रशासकाचा कारभार होता.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की आतली लोकेशनची नोंद निघून जाते हे आम्हाला नंतर कळलं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते, पण फोटो काढताना कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असलं पाहिजे. ओरिजिनल मागायला गेलो तर बऱ्याच जणांनी फोनमध्ये जागा नाही म्हणून डिलीट करून टाकलेले. म्हणून सांगतो, उद्यावर ढकलू नका, आजच घरोघरी फिरा, ओरिजिनल घ्या, भिंतीवर पाण्याची खूण असेल तर टेप लावून उंची मोजा, शेजारच्या विजेच्या खांबाचा नंबर लिहा.

अन् ग्रुपवर पोल घेऊन "लोकांचं मत" म्हणून देऊ नका. माझं मत आहे, पटलं तर घ्या. ज्यांच्या घरात पाणी शिरते त्यातल्या किती म्हाताऱ्या माणसांकडे स्मार्टफोन आहे? आमच्याकडे पाणी कोणत्या कोपऱ्यातून चढते हे एका आजीनं बरोबर दाखवलं, ती ग्रुपवर नव्हतीच.

लिंक देऊ नका, कोणी उघडत नाही. नकाशा मोठ्या कागदावर प्रिंट करा, पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा. नालीचा मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते. मी काही वकील नाही, इंजिनीअरही नाही, पण हा अर्ज आम्ही सगळ्यात शेवटी केला, तुम्ही पहिले करा.