नातीच्या पॉलिसीआधी मुलीची याचिका

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका काकांचं पत्र आलंय. वय 71, महालेखापाल कार्यालयातून म्हणजे केंद्राच्या नोकरीतून निवृत्त, मूळ पेन्शन 40 हजार, काकू हयात. मुलगी 38 वर्षांची; चार वर्षांपूर्वी सासर सोडून लेकीला घेऊन माहेरी आली. एका छोट्या शाळेत शिकवते, महिना आठ हजार मिळतात. नात आता सहा वर्षांची. ओळखीच्या एजंटाने नातीच्या नावाने पॉलिसी सुचवली आहे: दहा वर्षं लाख-लाख भरा, अठराव्या वर्षाअखेर सतरा लाख घ्या. ती घ्यावी की सुकन्या समृद्धी, असा प्रश्न आहे.

काका, पॉलिसी नको. दहाचे सतरा ऐकायला गोड लागतं, पण वर्षं मोजली की परतावा जेमतेम चार टक्के. आणि सहा वर्षांच्या पोरीच्या कमाईवर घरात कोण जगतंय, की तिचा विमा उतरवावा?

सुकन्या चांगली, मात्र ते खातं आजोबांना काढता येत नाही. पालक म्हणून मुलीनेच काढायचं. तुम्ही पैसे तिला भेट द्या, त्यावर कर नाही. दर आज 8.2 टक्के आहे, तिमाहीला बदलू शकतो. तोच टिकला तर वर्षाला लाख भरून नात अठराची होईपर्यंत वीसेक लाख जमतील, त्यातले निम्मे शिक्षणाला काढता येतील. एखाद्या वर्षी ओढाताण झाली तर 250 रुपये भरूनही खातं चालू राहतं.

तुमचा प्रश्न इथे संपला. मला घोर लागलाय तो पत्राच्या शेवटच्या ओळीचा: ‘रीतसर घटस्फोट घेतला नाही, उगाच कोर्टकचेरी कशाला, आमच्यामागे तिला फॅमिली पेन्शन आहेच.’

नाही, काका. आजच्या घडीला नाही.

केंद्राच्या फॅमिली पेन्शनच्या नियमांत पंचविशी उलटलेल्या विधवा आणि घटस्फोटित मुलींना जागा मिळाली 2004 मध्ये, अविवाहित मुलींना 2007 मध्ये. कोर्टात वर्षानुवर्षं खटले रखडतात हे सरकारच्या ध्यानात यायला 2017 उजाडलं. तेव्हा ठरलं की आई-वडिलांपैकी एकाच्या हयातीत घटस्फोटाची याचिका दाखल झालेली असेल, तर निकाल नंतर लागला तरी चालेल. सरकार घरातल्या बदलांच्या मागे धावतं, पण दमादमाने. नुसती वेगळी राहणारी मुलगी त्या नियमात अजून बसत नाही. कागदावर ती विवाहितच. गंमत म्हणजे मध्य प्रदेशच्याच लाडली बहना योजनेत परित्यक्ता पात्र ठरते.

आता रक्कम बघा. तुमची 40 हजार म्हणजे फॅमिली पेन्शन साधारण 24 हजार, महागाई भत्ता वेगळा. तुमच्यानंतर काकूंना, त्यांच्यानंतर मुलीला. तिच्या पन्नाशीपासून पंचवीस वर्षं धरली तर भत्ता सोडून 72 लाख. तुम्हा दोघांपैकी एक तरी हयात असताना याचिका दाखल झाली नाही तर शून्य. तुम्ही सतरा लाखांचा घोळ घालत बसला आहात!

अटी आहेत. ती तुमच्यावर अवलंबून असावी लागते. मिळकतीची मर्यादा 9,000 रुपये अधिक त्यावरचा भत्ता, आठ हजारांत ती सध्या बसते. पुनर्विवाह केला तर पेन्शन थांबते. नातवंडं या नियमांत कुटुंबात मोडत नाहीत, म्हणजे नातीपर्यंत हा पैसा आईच्याच हातून जाणार.

‘लोक काय म्हणतील’ हे तुम्ही दोनदा लिहिलंय. मुलगी काय म्हणते ते एकदाही नाही. संसार तिचा, निर्णय तिचा. पेन्शनसाठी खोटा घटस्फोट हा विषयच नाही. पण नातं संपलंच असेल तर तिला हा हिशेब समजावून सांगा आणि तिची तयारी असेल तर याच महिन्यात वकील गाठा. परस्परसंमतीला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, इथे चार वर्षं झालीत. याचिकेची दाखल तारीख असलेली प्रत पीपीओच्या, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डरच्या, फाइलीत लावा, कुटुंबाच्या तपशिलात मुलीचं नाव आहे का तेही तपासा. ती फाइल कुठल्या कपाटात असते, ते मुलीला दाखवून ठेवा.